तीन जावई आणि बाहेरचा चुंबक

मथुराबाई पुरण वाटायला बसल्या तेव्हा त्यांचे तिन्ही जावई सासुरवाडीला, ईट गावी येऊन पोचले होते आणि तिघांची तोंडं तीन दिशांना होती.

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. मागच्या खेपेला मथुराबाईंनी तिघांना तीन वेगळ्या दिवशी बोलावून जेवू घातलं. गुडघे गेलेच, शिवाय तिन्ही लेकींची एकमेकींशी गाठही पडली नाही. यंदा त्यांनी हट्ट धरला होता. तिघं एका पंगतीत बसतील, तिघांना एकदम ओवाळीन, नाहीतर माझ्याही तोंडात घास जायचा नाही.

भांडणं तशी किरकोळच, पण जपून ठेवलेली. रामहरीच्या वाढदिवसाच्या बॅनरवर थोरल्या कृष्णराजचा फोटो शेवटच्या ओळीत गेला होता. रामहरीने रणधीरचा रोटाव्हेटर मागून नेला आणि पाती मोडून परत केला. रणधीरच्या भावाच्या सोयरिकीत कृष्णराजने मुलीकडच्यांना सांगितलं होतं, "मुलगा चांगलाय, पण एकदा चौकशी करा." आता कृष्णराज ओसरीत बसला, म्हणून रामहरी माजघरात. रणधीरला दोन्हीकडे जागा नव्हती, म्हणून तो दारात उभा राहून मोबाइल बघत होता.

मुलगा दिग्विजय पुण्याहून सुट्टीवर आला होता. तो विद्यापीठात चुंबकी स्फटिकांवर संशोधन करतो. दारातल्या रणधीरदाजींना पाहून त्याचा चेहरा उजळला.

"आई, माझ्या स्फटिकात हुबेहूब असंच असतंय!" त्याने तीन पाट त्रिकोणात मांडले. "कणाकणाला बारकं चुंबक. शेजाऱ्याचं तोंड वर, तर ह्याला खालीच करायचं. दोघांचं जमतंय. तिसऱ्यानं कुणाचं ऐकायचं? एकाशी जुळवलं की दुसऱ्याशी बिघडतंय. कितीबी गार करा, ठरतच न्हाय त्यांचं."

"आन् ह्ये बघायला तू पुण्याला गेलास?" वडील बलभीमराव म्हणाले. "ओसरीत बसून दिसलं असतं की."

"उपाय सांग," मथुराबाई म्हणाल्या. "पुरणाचे धोंडे गार व्हायलेत."

"चार जण असले की निभतंय. दोघं आत, दोघं बाहेर. बर्फात पाण्याचे कण असेच बसतेत. भांडण मिटत न्हाय, पण कमीत कमी व्हतंय."

चौथा शेजारीच होता. चुलते गोरोबाकाकांकडेही आज धोंडेजेवण होतं. दिग्विजयने त्यांचा जावई अंगद उसना आणला आणि कृष्णराजशेजारी ओसरीत बसवला. रणधीरला तो माजघरात ढकलणार, एवढ्यात भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला.

"माझा जावई दुसऱ्याच्या पाटावर? मग तुमचा एक हिकडं धाडा! लोक काय म्हनतील?"

रणधीर तिकडे गेला. तिथे काकूंनी आपल्या दुसऱ्या जावयाला आधी ओवाळलं आणि रणधीरला म्हणाल्या, "तुमी बसा जरा, तुमचं काय, घरचेच हाव." घरचेच म्हटल्यावर कुठला जावई बसेल? रणधीरने चपला घातल्या.

इकडे अंगद बिचारा भुकेला. समोर दिसला तो पाट त्याने धरला, आणि तो नेमका थोरल्या जावयाच्या मानाचा निघाला. कृष्णराज शाळेत मास्तर. तो उठला. "चुलतघरचा पहिल्या पाटावर, आन् आम्ही वर्गाबाहेर उभं राहायचं व्हय? आमच्या शाळेत हे चालत नाही." कृष्णराजनेही चपला घातल्या.

आता आत एक, बाहेर एक. दिग्विजय घाईने माजघरात गेला. "रामहरीदाजी, तुमी जरा ओसरीत सरकता का? निदान दोघं तरी एका पंगतीत व्हतील."

"मी काय खाट हाय व्हय, हिकडनं तिकडं सरकवायला?" तिसऱ्या चपला गेल्या.

दिग्विजय डोकं धरून बसला. एक कण उलटा फिरला की बिघाड जागेवर राहत नाही, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे चालत जातो, हे त्यानेच प्रबंधात लिहिलं होतं. फक्त तो चपला घालून चालतो हे त्याला ठाऊक नव्हतं. ओसरीत अंगद मन लावून तिसरा धोंडा खात होता. मथुराबाईंनी निरांजन विझवलं, डोळ्यांना पदर लावला आणि त्या चुलीकडे तोंड करून बसल्या. ते पाहून दिग्विजयला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो धावतच निघाला. वेशीजवळच्या पारावर तिघं बसले होते. उन्हात दुसरी सावली नव्हती, त्यामुळे नाइलाज होता.

"तुमाला बी हलवलं?" रणधीर विचारत होता.

"हलवलं? भर जेवणावरनं उठवलं!" कृष्णराज म्हणाला.

"मला तर चुंबक म्हनला," रामहरी म्हणाला. "बायकोच्या भावानं! लई शिकवलं की असंच व्हतंय बगा."

"अगदी बरोबर," कृष्णराज म्हणाला. रामहरीच्या बोलण्याला तो गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच बरोबर म्हणत होता.

तेवढ्यात दिग्विजय समोर येऊन उभा राहिला आणि तिन्ही तोंडं एकदम त्याच्याकडे वळली. बाहेरून जोराचा चुंबक आणला की आतले सगळे भांडखोर एकाच बाजूला तोंड करतात. हेही त्याला पाठ होतं, पण तो चुंबक आपण स्वतः असू असं काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"आमी येतो," कृष्णराज म्हणाला. "एका वळीत बसतो. पर ह्यो पंगतीत नको."

"नकोच!" उरलेले दोघं म्हणाले.

मथुराबाईंनी निरांजन पुन्हा लावलं. तिघांना एका ओळीत ओवाळलं. दिग्विजय पोटात कावळे ओरडत असताना तूप वाढत फिरला. लेकी दाराआडून बघत होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. मथुराबाईंनी पहिल्यांदाच स्वतःचं ताट वाढून घेतलं.

दुसऱ्या धोंड्यानंतर मात्र तिघांचा दिग्विजयवरचा राग उतरू लागला. पोट भरलं की जुनं आठवतं. कृष्णराज घास चावता चावता रामहरीकडे वळला.

"त्ये बॅनरचं तेवढं..."

मथुराबाईंचा हात ताटावरच थांबला. चुंबक काढला की तोंडं परत फिरतात. दिग्विजयने आईकडे एकदा पाहिलं, तुपाची वाटी खाली ठेवली आणि पुढे झाला.

"दाजी, तुमी तिघं जरा त्रिकोणात बसता का? मला एक बगायचंय."

"गप बस!" तिघं एका आवाजात ओरडले.

मथुराबाईंनी घास तोंडात घातला.