डावं चाक, उजवं चाक आणि हेडक्लार्क

स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी पुढच्या चाकांना त्याची खबर लागत नाही, हे हेडक्लार्कांच्या लक्षात आलं ते बुधवारी सकाळी, आणि तेही किराणा दुकानासमोरची सायकल आडवी झाल्यावर. नशीब, सायकलवर कोणी बसलेलं नव्हतं. दुकानदाराने ती उचलून पुन्हा भिंतीला टेकवली आणि पिकअपकडे बघून म्हणाला, "काका, गाडीचं वय झालं."

"वय झालं म्हणून काय झालं? कागद चोख आहेत," हेडक्लार्क म्हणाले.

निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना हेडक्लार्कच म्हणे. त्यांचा जगातल्या दोनच गोष्टींवर विश्वास होता, कागदावर आणि बायकोवर. त्यातला बायकोवरचा त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी पिकअप घेतली ती बायकोसाठी. तिने घरामागच्या मोकळ्या जागेत बारा कुंड्यांपासून रोपवाटिका सुरू केली होती आणि आता तिला पहिलीच मोठी ऑर्डर मिळाली होती. नव्या वाचनालयाच्या आवारात दोनशे कुंड्या, रविवारी सकाळी दहाच्या आत. अकराला उद्घाटन. काम नीट झालं तर शेजारच्या दोन शाळांची बागही तिच्याकडेच येणार होती.

"कुंड्या तुझ्या, वाहतूक माझी," हेडक्लार्कांनी सांगून टाकलं होतं. "चार फेऱ्या. सहाला सुरुवात, साडेनऊला समाप्त."

हे ते उगाच म्हणाले नव्हते. चौतीस वर्षं रोज नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांचा डबा दारातल्या स्टुलावर तयार असे. ती तापाने फणफणलेली असो की घरात पाहुण्यांचा सुळसुळाट असो, डब्याला कधी एकविसावं मिनिट लागलं नाही. ऑफिसात त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक होई आणि ते खाली मान घालून ते स्वीकारत. कौतुक खरं कोणाचं, हे त्यांना ठाऊक होतं. आता एकदा तरी तिचं काम आपल्यामुळे वेळेवर व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

गुरुवारी मिस्त्री गाडीखाली गेला आणि त्याचा आवाज तेवढा बाहेर आला.

"काका, टायरॉडचे दोन्ही एंड गेले."

"म्हणजे?"

मिस्त्री सरपटत बाहेर आला. "दोन चाकांना जोडणारा हा आडवा दांडा. त्याच्या दोन टोकांना दोन सांधे. सांधे झिजले की तुम्ही सांगता एक, चाक ऐकतं दुसरंच. आत्ता काढून देतो. पिशवीत घाला, दुकानात दाखवा, आणि हुबेहूब तसेच घेऊन या."

हेडक्लार्क हसले. कच्चा कारकून पहिल्या दिवशी चुकला की ते असेच हसत. "अरे, झिजलेल्या तुकड्यावरून नवा माल मागवायचा? हे तर अंदाजपंचे दाहोदरसे! माझ्याकडे नोंदणीपुस्तक आहे. त्यात वर्ष आहे, मॉडेल आहे. त्यावरून मागवू."

"काका, गाडी पुस्तक वाचत नाही."

"म्हणून तर मी वाचतो."

सुट्या भागांच्या दुकानात पार्टवाल्याने वर्ष विचारलं, हेडक्लार्कांनी पुस्तक उघडून बोट ठेवून दाखवलं, आणि दोन चकचकीत सांध्यांचं खोकं घेऊन ते विजयी मुद्रेने गॅरेजात परतले. शुक्रवारी सकाळी उजव्या चाकाचा सांधा असा बसला की मिस्त्रीने शीळ घातली. डाव्या चाकाच्या सांध्याची पिन मात्र भोकात सैल लोंबत राहिली.

"डावा नाही बसत," मिस्त्री म्हणाला. "उजवा राहू दे, डाव्याचं तेवढं बघा."

पण खोक्यातला अर्धा माल ठेवून अर्धा परत करायचा, हे हेडक्लार्कांच्या रक्तातच नव्हतं. पहिला माल पूर्ण जमा केल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, हा त्यांचा दंडक. त्यांनी बसलेला सांधाही काढायला लावला, दोन्ही पुसून खोक्यात घातले आणि सोबत दोन प्रतींत पत्र लिहिलं. "सदर माल आमच्या वाहनास बसत नाही. तो दुकानात न ठेवता तत्काळ मूळ पुरवठादाराकडे रवाना करावा, जेणेकरून अन्य ग्राहकाची फसगत होणार नाही." पार्टवाल्याकडून एका प्रतीवर पोच घेतली तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

"आता चॅसी नंबरवरून काढा," ते म्हणाले. "वर्ष लिहिताना चूक होऊ शकते. चॅसी नंबर धातूवर कोरलेला असतो."

"चॅसी नंबरवरून दुसरा येतोय खरा," पार्टवाला वही उलटून म्हणाला. "उद्या सकाळी येईल."

त्या रात्री जेवताना बायकोने विचारलं, "काय म्हणते गाडी?"

"काळजी करू नकोस," हेडक्लार्क म्हणाले आणि भाजीत मीठ कमी असूनही काही न बोलता जेवले.

शनिवारी दुसरं खोकं आलं. मिस्त्रीने डावा सांधा लावला. डावा चपखल! हेडक्लार्कांनी टाळीसाठी हात वर केला आणि तो तसाच राहिला, कारण आता उजव्याची पिन भोकात शिरायलाच तयार नव्हती. गाडी जॅकवर उभी होती. तिचं एक चाक रस्त्याकडे बघत होतं, दुसरं मिस्त्रीकडे.

मिस्त्रीने डोकं खाजवलं, मग दोन्ही चाकांमागे हात घालून चाचपून पाहिलं, आणि एकदम खाली बसून हसायला लागला.

"काका, ही एक गाडी नाही. या दोन गाड्या आहेत! आधीच्या मालकाने कुठेतरी डावी बाजू ठोकली असणार. मग भंगारातून दुसऱ्या वर्षाच्या गाडीची डावी बाजू आणून बसवलीय. तुमचं पुस्तक खरं आहे, पण उजवीकडे. चॅसी नंबरवरून काढताना दुकानात पान चुकलं असणार. तो माल बसला, तो डावीकडे, आणि तोही निव्वळ नशिबाने!"

"मग आता?"

"पहिल्या खोक्यातला उजवा आणि दुसऱ्या खोक्यातला डावा. पहिलं खोकं आणा."

पहिलं खोकं! हेडक्लार्क धापा टाकत दुकानात पोचले.

"ते होय?" पार्टवाला म्हणाला. "ते गेलं. तुम्हीच लिहून दिलंत ना, तत्काळ रवाना करावं. एरवी मी पंधरा दिवस पडू देतो. पण एवढं पत्र म्हटल्यावर सकाळीच पार्सल ऑफिसात देऊन आलो."

पार्सल ऑफिस गाठलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खोकं तिथेच होतं, काउंटरमागच्या फळीवर, वरचं लेबलसुद्धा वाचता येत होतं. चार वाजताच्या गाडीने ते जाणार होतं. काउंटरवरचा क्लार्क चष्मा पुसत होता.

"पाठवणारे तुम्ही?"

"नाही, दुकानदार. पण माल माझाच होता. म्हणजे, मीच परत केला होता."

"मग पाठवणाऱ्याचा अर्ज लागेल. आणि ते स्वतः लागतील."

"अहो, पण खोकं समोर दिसतंय!"

"दिसतं ते सगळं देता येत नाही, साहेब."

हे वाक्य हेडक्लार्कांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचं. चौतीस वर्षांत खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या किती माणसांना त्यांनी ते ऐकवलं असेल, आणि त्यातल्या किती जणांच्या घरी दोनशे कुंड्या वाट बघत असतील, कोण जाणे. त्या सगळ्यांची त्यांनी तिथल्या तिथे मनातल्या मनात माफी मागितली आणि पुन्हा दुकानाकडे पळाले.

शनिवार दुपारची गर्दी होती. पार्टवाल्यासमोर तीन गिऱ्हाइकं उभी होती. हेडक्लार्कांना वाटलं, आता हा आपल्याला ताटकळत उभं ठेवणार, आणि त्यात त्याचं काही चुकणारही नाही. त्यांनी अर्ध्या श्वासात वाचनालय, कुंड्या, बायको, चार वाजताची गाडी असं सगळं एकमेकांत मिसळून सांगितलं. पार्टवाल्याने गिऱ्हाइकांना हात जोडले, शटर खाली ओढलं आणि स्कूटरला किक मारली.

"बसा मागे."

"तुमचं नुकसान होतंय हो," हेडक्लार्क त्याच्या खांद्याला धरून ओरडले.

"होऊ दे! तसा मी खोक्यातली जोडी कधी फोडत नाही, काका. पण तुमच्या पत्रातलं अक्षर फार सुंदर होतं."

पावणेचारला खोकं हातात आलं. संध्याकाळी दोन्ही सांधे बसले. पण चाकं एका रेषेत आणायला दोरी लावून बघावं लागतं आणि दोरीला उजेड लागतो, असं मिस्त्री म्हणाला. "उद्या रविवार. मी उघडत नाही. पण तुमच्यासाठी साडेसहाला येतो."

हेडक्लार्क घरी आले तेव्हा फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत कुंड्या ओळीने लावलेल्या होत्या. बायको शेवटच्या ओळीला पाणी देत होती.

"झाली गाडी?"

"झालीच. काळजी करू नकोस."

"हे दुसऱ्यांदा म्हणालात," बायको म्हणाली आणि झारी भरायला आत गेली.

रविवारी मिस्त्री दिल्या वेळी आला. त्याने दोरी लावली, टेपने मोजलं, नट एकदा सैल केला, एकदा आवळला, पुन्हा मोजलं. आठ वाजता गाडी जॅकवरून खाली आली. चाकं अगदी सरळ होती. स्टेअरिंग मात्र तिरकं, घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाल्यासारखं.

"हे वाकडं का?"

"वाकडं धरा, सरळ जाईल. सोमवारी काढून नीट लावतो." मिस्त्रीने पाना पुसला. हेडक्लार्कांनी त्याचा काळा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मिस्त्रीच मग म्हणाला, "जा आता, काका. उशीर होतोय."

उशीर झालाच होता. वाटेत हेडक्लार्क हिशेब करत होते. सव्वाआठ ते दहा, म्हणजे फार तर दोन फेऱ्या. शंभर कुंड्या. उरलेल्या शंभरांपायी तोंड कुठे लपवायचं? चौतीस वर्षांत तिने एक मिनिट चुकवलं नाही आणि आपल्याला एकदा संधी मिळाली तर आपण अर्ध्यावर आलो. गाडी सुतासारखी सरळ चालली होती, पण त्यात त्यांचं मन नव्हतं.

फाटकाशी आले आणि त्यांनी ब्रेक दाबला. अंगण मोकळं होतं. जमिनीवर ओल्या गोल खुणांच्या ओळी तेवढ्या उरल्या होत्या. बायको पायरीवर बसून चहा पीत होती.

"कुंड्या?"

"गेल्या. दोन टेंपो सांगितले होते कालच. साडेसहाला आले, पावणेआठला उतरवून झाल्या."

"पण मी म्हटलं होतं, काळजी करू नकोस..."

"तुम्ही ते म्हणालात तिथेच मला काळजी लागली. एरवी तुम्ही मीठ कमी आहे म्हणता."

हेडक्लार्क पायरीवर बसले. वाईट वाटावं की सुटका वाटावी, हे त्यांना ठरवता येईना. बायकोने उरलेला चहा त्यांच्या हातात दिला आणि फाटकाआडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे बावीस कुंड्या रांगेत उभ्या होत्या.

"त्या तुमच्यासाठी ठेवल्यात. नाजूक आहेत. परक्याच्या हातात द्यायला मन झालं नाही."

हेडक्लार्कांनी पाहिलं. बावीसच्या बावीस कोरफडी होत्या. तीन आठवडे पाणी घातलं नाही तरी जी कोणाला कळू देत नाही, ती कोरफड. तरीही त्यांनी एकेक कुंडी दोन्ही हातांनी उचलून, तान्हं बाळ ठेवावं तशी पिकअपमध्ये ठेवली, आणि बायको शेजारी येऊन बसली.

वाचनालयाच्या फाटकावर पताका लागल्या होत्या. आतल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना कुंड्या अशा शोभत होत्या की हेडक्लार्कांनी गाडी थांबवून आधी त्या डोळे भरून पाहून घेतल्या. तेवढ्यात वाचनालयाचा कारकून यादी घेऊन पुढे आला.

"बाई, या कसल्या आणि? दोनशे ठरल्या होत्या. दोनशे आल्या, मोजल्या, सही झाली. तुमची ऑर्डर तर मघाशीच पूर्ण झाली!"

हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहिलं. ती मान वळवून, वाचनालयाच्या इमारतीला किती खिडक्या आहेत हे अतिशय लक्षपूर्वक मोजत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"या जास्तीच्या आहेत," हेडक्लार्क हळूच म्हणाले. "आमच्याकडून ठेवून घ्या."

"ठेवतो की! पण नोंद करावी लागेल." कारकुनाने वही उघडली. "माल, कोरफड. नग, बावीस. वाहन, पिकअप. आणि जास्तीचा माल आला की कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू?"

बायको अजून खिडक्या मोजत होती.

"सांगा ना साहेब, कारण?"

"तो रकाना मोकळा सोडा," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी कारकुनाच्या हातातून पेन घेऊन खाली सही केली.