सहावी फेरी आणि पहिलं पाऊल

माझ्या नियोजनात चूक काढून दाखवाच! लेक झाल्यापासून मी कुठलीही गोष्ट रामभरोसे सोडलेली नाही. तिच्या शिंकांचीसुद्धा माझ्याकडे नोंद आहे. तारीखवार! तेव्हा त्या शनिवारी दुपारी जे झालं त्याचा दोष नियोजनाचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या लेकीला घरात सगळे ‘गाठोडं’ म्हणतात. कारण जिथे ठेवाल तिथे राहायचं! सतरा महिने पूर्ण झाले तरी सोफ्याला धरून उभं राहायचं, एखाद्या साहेबासारखी मान फिरवून खोलीची पाहणी करायची, आणि बदकन खाली. पाऊल म्हणून टाकायचं नाही. समोरच्यांचं पोर अकरा महिन्यांचं. ते चालत नव्हतं, पळत होतं!

डॉक्टर म्हणाल्या होत्या, “सोमवारी आणा. नाहीच चालली, तर पुढच्या तपासण्या करू.”

त्या ‘पुढच्या तपासण्या’ ऐकल्यापासून मी रात्री तीनतीनदा उठून तिचे पाय चाचपत होते. नवऱ्याला विचारलं तर म्हणे, “अगं, चालेल गं.” जसं काही मी त्याला भाजी चालेल का विचारत होते!

म्हणून शनिवारची योजना. सतरंजीच्या एका टोकाला बाबा, म्हणजे माझे वडील. दुसऱ्या टोकाला अण्णा, म्हणजे सासरे. मधे सोफ्याला धरून गाठोडं. दोघांनी आळीपाळीने हाका मारायच्या. अट एकच: बॉक्सिंगचा विषय काढायचा नाही!

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, अण्णा गणिताचे मास्तर. आमचं लग्न ठरवायला बसले तेव्हा अर्ध्या तासात दोघांना कळलं, की आपण दोघेही बॉक्सिंगचे वेडे आहोत. आणि पाऊण तासात कळलं, की आपण एकमेकांचे वैरी आहोत! कारण तीस वर्षांपूर्वीची एक लढत. सुतार विरुद्ध पहाड. सुतार म्हणजे आधी खरोखरच रंधा मारणारा एक डावखुरा. पहाड म्हणजे ज्याला ठोसे मारून समोरच्याचेच हात सुजायचे, तो. सहाव्या फेरीत सुतार पहाडाला आडवा करतो, रेफरी आकडे मोजतो (दहापर्यंत उठला नाही की खेळ खलास!), पहाड नवाला उठतो, आणि शेवटी तीनपैकी दोन पंच पहाडाला जिंकवतात. बाबांच्या मते रेफरीने आकडे मुद्दाम लांबवले, तो दिवसाढवळ्या दरोडा. अण्णांच्या मते चोख न्याय.

पहिली दहा मिनिटं स्वर्ग होता. मग गाठोडं उभं राहिलं, डुललं आणि बदकन बसलं. मी झेप घेतली.

“थांब गं!” बाबांनी हात आडवा घातला. “दहा होईपर्यंत कुणी शिवायचं नाही. एक... दोन...”

गाठोडं खुदकन हसलं. सहाला सोफा पकडला, आठला उभं!

“आठ!” बाबा.

“कसले आठ? बारा सेकंद झाले,” अण्णा म्हणाले. “तुमचे आकडे लांबतात, व्याही. अगदी त्या रेफरीसारखे.”

“म्हणजे रेफरीने लांबवले होते, हे कबूल!”

“मी काहीही कबूल केलेलं नाही!”

झालं! माझ्या अटीचा तिथेच निकाल लागला. पाच मिनिटांत दुधाची बाटली सुतार झाली आणि पावडरचा डबा झाला ‘इंजिन’, म्हणजे सुताराच्या जन्माआधीच निवृत्त झालेला कुणीतरी बॉक्सर.

“दोघं एकाच काळात असते, एकाच वजनाचे, ऐन भरात,” बाबा म्हणाले, “तर सुताराने इंजिनाचा भुगा केला असता!”

“तिसऱ्या फेरीत आडवा झाला असता तुमचा सुतार. असा!” अण्णांनी डब्याने बाटलीला असा ठोसा हाणला, की झाकण उडालं आणि दूध सतरंजीभर!

“पुरे!” मी ओरडले. “ती सहावी फेरी एकदाची लावा, बघा आणि विषय संपवा!”

हे माझं वाक्य. माझं! नोंद करून ठेवलंय.

टीव्हीवर लढत लागली. बाबांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. अण्णांनी माझ्या व्यायामाच्या तक्त्यामागे रकाने आखले. आणि पंच तीन लागतात म्हणून तिसरी मी!

“बाबा, मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच तू निःपक्षपाती,” अण्णा म्हणाले.

एकाची लेक, दुसऱ्याची सून. निकाल कसाही दिला तरी माझं एक घर बंद! मी ठरवलं, एक डोळा टीव्हीवर, एक लेकीवर. पण मंडळी, काय सांगू! तो सुतार मागे सरकत होता, सरकत होता, आणि अचानक त्याचा डावा हात असा काही आला, की मी उभीच राहिले!

नेमका तेव्हा नवऱ्याचा फोन. मी उचलला खरा, पण तोंड कुठे थांबतंय?

“पडला रे! भुवईतून रक्त येतंय! उठतच नाहीये! बाबा, मोजा, नीट मोजा!”

“कोण पडलं? अण्णा?”

“नंतर बोलते!” म्हणून मी फोन ठेवून दिला.

आता हे ऐकून कुठला मुलगा स्वस्थ बसेल? त्याने खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना फोन केला आणि स्वतः गल्लीच्या टोकाच्या ऑफिसातून धावत सुटला. इकडे आमचे पंच हमरीतुमरीवर आलेले. “तेरा सेकंद!” “नऊ!” “अण्णा, तेराच झाले, मी बघितलंय!” हे तिसरं वाक्य माझं. तेवढ्यात लोटलेलं दार उघडलं. ब्लड प्रेशरचं यंत्र घेऊन नर्सबाई दारात!

“पेशंट कुठाय?”

आम्ही तिघंही वळलो. सोफ्यापासून चांगलं पाच हात लांब, कशालाही न धरता, नवऱ्याची एक चप्पल पोटाशी कवटाळून गाठोडं उभं होतं.

“हिला इथे कुणी आणलं?” मी विचारलं.

बाबा वाकले. सतरंजीवर सांडलेल्या दुधापासून दारापर्यंत फरशीवर ओली, इवली इवली पावलं उमटली होती. केसाएवढी स्प्रिंग शोधणारी ती नजर एकेक पाऊल मोजत गेली.

“अकरा,” बाबा म्हणाले.

“गुडघ्याचा ठसा एकही नाही,” अण्णा म्हणाले.

मी त्या पावलांशेजारीच फतकल मारली. सतरा महिने डोळ्यांत तेल घालून बसले होते या क्षणासाठी! आणि तो आला तेव्हा माझी पाठ होती. कशापायी? तर दोन उघड्या बाप्यांची मारामारी! हसू येत होतं की रडू, मला कळेना. बहुतेक रडूच असावं, कारण अण्णा शेजारी येऊन बसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “चाळीस वर्षं पोरांना सांगून थकलो, उत्तराआधी पायऱ्या दाखवा. ही पहिली, जिने सगळ्या दाखवल्या. पूर्ण गुण, सूनबाई! रडायचं काय त्यात?”

तेवढ्यात “अण्णा!” करत नवरा बुटांसकट धाडधाड आत. अकरातली सात पावलं त्याच्या बुटांखाली पुसली गेली. आम्ही तिघं त्याच्यावर असे काही ओरडलो, की नर्सबाईंनी त्याचंच ब्लड प्रेशर तपासलं.

सोमवारी दोन्ही आजोबांच्या देखत गाठोडं डॉक्टरांच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललं. दोनदा पडलं. मी खुर्चीच्या दांड्या धरून बसले.

“कसल्याही तपासण्या नकोत,” डॉक्टर हसल्या. “आणि पहिलं पाऊल बघायला मिळालं ना? कितीतरी आयांचं राहून जातं.”

मी अण्णांकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं.

“मिळालं तर!” मी म्हणाले. “सोफा सोडला, जरा डुलली, माझ्याकडे बघून हसली आणि उजवा पाय टाकला. अकरा पावलं, न थांबता!”

बाबांनी मान डोलावली. अण्णांनी त्याहून जोरात डोलावली. तीन पंच, एकमताने निकाल! या दोन घरांच्या इतिहासात पहिल्यांदा.

जिना उतरताना बाबा हळूच माझ्या कानाशी आले.

“छान सांगितलंस हो. फक्त पहिला ठसा डाव्या पायाचा होता.”