डिलेचा नॉब कोण फिरवतंय?

स्वतःच्याच घरात हेरगिरी करायची असं मी ठरवलं, ते एका नॉबमुळे.

मी गिटार वाजवतो. पायाशी एका फळीवर पाच पेडल बसवलेली असतात. पेडल म्हणजे गिटारच्या आवाजाला वेगवेगळी सोंगं देणाऱ्या लोखंडी डब्या. वाजवता वाजवता पायाने दाबायच्या. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यावरचे लुकलुकणारे दिवे माझ्यासाठी फुकट. (दुकानदार मात्र त्यांचंच कौतुक करत होता.) माझं काम बोटांवर आणि घड्याळावर. डिले नावाचं पेडल आवाजाचे पडसाद काढतं. त्याच्या नॉबची खाच घड्याळातल्या दहाच्या जागी असली, की पडसाद हवे तसे. बाराच्या जागी गेली, की विहिरीत पडून वाजवल्यासारखं.

आणि गेले आठ दिवस रोज त्या नॉबचे, पर्यायाने माझे, बारा वाजत होते.

"माझ्या पेडलना कोणी हात लावला?" मी विचारलं.

"मला परीक्षेच्या ड्यूटीला उशीर होतोय," बायको म्हणाली. ती कॉलेजच्या ऑफिसात आहे. पण हे उत्तर नव्हतं!

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या. "मला कुठं काय दिसतंय?" त्या म्हणाल्या. (या घरात ही सबब आजवर फक्त माझी होती.)

तिसरा संशयित कीबोर्डवाला. शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात आमच्या बँडचा कार्यक्रम होता आणि त्यात एक तुकडा मी पहिल्यांदाच एकट्याने वाजवणार होतो. तो तुकडा त्याला हवा होता. तालमीला तो आमच्याच घरी यायचा आणि सासूबाईंच्या हातचा चहा जरा जास्तच प्रेमाने प्यायचा. बँडच्या म्होरक्याने तर मला बजावलंच होतं, "आवाज असाच घसरत राहिला, तर तुकडा त्याला देईन."

तेव्हा मी लूपर कामाला लावला. हे पाचवं पेडल. एकदा दाबलं की ऐकून घेतं, पुन्हा दाबलं की ऐकलेलंच घोळवत बसतं. बुधवारी सकाळी त्याला माइक जोडला, दाबला, "दूध आणतो" असं शेजारपाजारला कळेल इतक्या मोठ्याने जाहीर केलं आणि काठी घेऊन जिन्यात उभा राहिलो.

"किल्ली विसरलात?" वरच्या काकूंनी विचारलं.

"नाही, विचार करतोय."

"जिन्यात?"

दहा मिनिटांनी दुधाशिवाय परतलो आणि हेडफोन लावला.

"अगं, पण त्यांना सांग तरी," सासूबाईंचा आवाज.

"शनिवार होऊ दे, आई. मग सांगते."

"आणि आधीच कळलं तर?"

"कळतंय कसलं!"

मी हेडफोन काढून फेकला. पुढचं ऐकायची छातीच झाली नाही. कट होता तर! आणि माझी सख्खी बायको त्यात सामील!

शनिवारी दुपारी मी शेवटचा डाव टाकला. पाचही पेडल उपसून त्यांची जागाच बदलली. आता कोणाला काही सापडणार नव्हतं.

संध्याकाळी सभागृहात मलाही सापडलं नाही. माझ्या तुकड्याला डिले समजून पाय दिला, तो लूपरवर.

"अगं, पण त्यांना सांग तरी," सासूबाई चारही स्पीकरमधून गरजल्या.

मी पाय आपटत राहिलो. ते आपलं पुढे चालूच. मी न ऐकलेलं आता तीनशे माणसांबरोबर ऐकू लागलो.

"रोज वाजवून उठताना तेच त्या डबीला लाथ मारतात, आई. मी आपली गुपचूप नॉब दहावर आणून ठेवते. हे आठ दिवस परीक्षेच्या गडबडीत राहून गेलं."

"मग सांगून टाक ना!"

"आत्ता सांगितलं तर पाय आखडून बसतील. पहिल्यांदाच एकटे वाजवणार आहेत. आणि इतकं सुंदर वाजवतात…"

मी नकळत मान ताठ केली.

"सुंदर वाजवतात गं," सासूबाई म्हणाल्या, "पण फार लांबवतात."

नेमका तेव्हाच मला डिले सापडला. "लांबवतात… लांबवतात… लांबवतात…" पब्लिक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात. लूपरने मग पहिल्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात कोणीतरी स्टेजवर आलं, माझा घोटा धरला आणि पाय उचलून योग्य जागी ठेवला. सासूबाई गप्प झाल्या.

"मला वाटलं, तू आणि तो कीबोर्डवाला मिळून…" मी पुटपुटलो.

"आधी वाजवा," बायको म्हणाली.

वाजवलं. कीबोर्डवाल्याने न सांगता मागे हलकेच सूर धरून ठेवला. (संशय घ्यायलाही माणूस उरला नाही.) टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या.

पडदा पडल्यावर म्होरक्या धावत आला. "पुढच्या महिन्यात आणखी एक कार्यक्रम मिळाला! इथेच, लगेच!"

मी कॉलर सरळ केली. "मी एकट्याने वाजवायचं ना?"

"वाचनालयवाल्यांना सासूबाई हव्यात," तो म्हणाला. "तुमचं बघू म्हणाले."