दिवे वाढव

नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्या माणसाला आणू नये, हे राधाकृष्णरावांना ठाऊक होतं. पण तिसरा माणूस नसून मशीन असेल तर काय बिघडतं, असा विचार त्यांनी केला, आणि सगळं तिथंच बिघडलं.

भांडण जुनं होतं. वसमतच्या त्यांच्या तीन खोल्यांत रिकाम्या खोलीतले दिवे-पंखे चालू कोण ठेवतं? तारा म्हणायची, तुमी. ते म्हणायचे, तू. बावीस वर्षांत निकाल लागला नव्हता. (राधाकृष्णराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क असल्यामुळे एवढा उशीर त्यांना फारसा वाटायचा नाही.) या मे महिन्यात मात्र प्रकरण कूलरवर गेलं. घरात कूलर एकच, आणि तो राधाकृष्णराव दुपारी लवंडतात त्या खोलीत. ताराला तो स्वयंपाकघरात हवा होता.

"मशीनच ठरवील," त्यांनी जाहीर केलं. "आठ दिवसांत रिकाम्या जागी वीज जाळताना जो सापडेल, त्यानं कूलरचं नाव घ्यायचं नाही."

जवळच्या हट्टा गावचा परमेश्वर वायरमन आला. त्यानं मीटरशेजारी एक डबी बसवली. किती वाजता किती वीज गेली, ते आता मोबाइलवर उभ्या खांबांत दिसू लागलं. जोडीला दिवे, पंखे आणि कूलर आवाजावर चालणारे केले, बाहेरून मोबाइलवर बोललं तरी ऐकणारे.

"मराठी समजतं ना रे याला?" राधाकृष्णरावांनी विचारलं.

"बराबर समजतं साहेब. पुस्तकातली."

आठवडा शांततेत गेला. तारा रोज दिवेलागणीला देवापुढं निरांजन लावायची, बैठकीतले दिवे लावायची आणि देवळात निघताना चपला घालता घालता मशीनला सांगून जायची. परत आल्यावर घर लख्ख दिसायचं. नवऱ्यानंच आल्या आल्या दिवे लावले असणार, असं समजून ती मनातल्या मनात खूष व्हायची. राधाकृष्णरावही फिरून आल्यावर तेच दिवे बघायचे आणि तेही खूष व्हायचे.

रविवारी सकाळी साक्षीदार म्हणून परमेश्वरला बोलावलं गेलं. राधाकृष्णरावांनी मोबाइल ताराच्या पुढ्यात धरला.

"हा खांब बघ. रोज सात ते आठ. मी फिरायला, तू देवळात, घरात चिटपाखरू नाही, आणि दिवे पुऱ्या जोरात!"

"असं कसं? मी तर रोज सांगून जाते."

"काय सांगतेस?"

"हेच की. दिवे वाढव."

राधाकृष्णराव खुर्चीतून उठलेच. "अगं, वाढव म्हटल्यावर ते वाढवणारच!"

"मग काय भरल्या तिन्हीसांजेला विझव म्हणू? औंढ्याच्या पुजाऱ्याची लेक आहे मी. आमच्याकडं दिवा विझवत न्हाईत, वाढवतेत. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतेत. एवढं बी तुमच्या मशीनला शिकवलं न्हाई काहून?"

"ते मला माहीत नाही. वीज जळाली ती जळाली." (कूलर वाचला, या आनंदात त्यांचा आवाज जरा चढला होता.)

तारा रडकुंडीला आली. विझवायला सांगूनही आपणच चोर ठरावं, हे तिला फार लागलं. "परमेश्वर," ती म्हणाली, "कोण काय बोललं ते यात ऱ्हातं ना? वाच बरं."

परमेश्वर वाचू लागला. "बाईमाणूस. दिवे वाढव. रोज एकदा." मग तो थांबला.

"वाच की पुढं," राधाकृष्णराव म्हणाले.

"वाचू म्हणता साहेब?"

"अरे, घाबरतोस कशाला?"

"गडीमाणूस. कूलर वाढव. सोमवार, अकरा वाजता. ऑफिसातून." परमेश्वरनं साहेबांकडं पाठ केली. "मंगळवार, अकरा वाजता. ऑफिसातून. बुधवार..."

"पुरे," राधाकृष्णराव म्हणाले.

"अगंबाई!" तारा म्हणाली. "मला वाटायचं, शेजारच्या पल्लवीचा कूलर घरघरून राहिला."

"खोली गार व्हायला वेळ लागतो गं. मी जेवायला एक वाजता येतो, तर..." (अकराचा खांब त्यांनी न तपासताच ताराच्या मिक्सरच्या नावावर घातला होता.)

"तोवर खोलीत कोण असतं?"

"कुणी नाही."

"आन तुमच्याकडं वाढव म्हणजे काय हो?"

राधाकृष्णरावांनी स्वतःच कूलरची पिन काढली. परमेश्वरनं कूलर उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

पहिल्या दुपारी राधाकृष्णराव वर्तमानपत्रानं वारा घेत वीस मिनिटं मानानं पडून राहिले. मग चटई काखेत मारून ते स्वयंपाकघरात गेले. ताराला त्यांची दयाच आली. तिनं चटईपुरती जागा करून दिली आणि सोलायच्या लसणानं भरलेलं सूप पुढ्यात सरकवलं.

चार दिवसांनी पल्लवीनं कुंपणापलीकडून विचारलं, "काकू, तुमचं घर बोललेलं ऐकतं म्हणे?"

"घराचं काय सांगता येत न्हाई बाई," तारा म्हणाली, "पण हे बघ." तिनं आत तोंड करून हाक दिली, "अहो, लसूण!"

"झाला," आतून लगेच आवाज आला. "आता काय सोलू?"