भोलाजीचे कान आणि जंगलाचा वारा

एका जंगलात, मुलांनो, सावली नव्हती. कारण ऊनच नव्हतं. तो ग्रहच निराळा. डोक्यावर बारमाही ढगांची गोधडी. सूर्य नावाचं काही असतं, हे तिथे कोणाच्या गावीही नव्हतं. उकाडा मात्र मरणाचा. वारा होता म्हणून सगळे जगत होते.

हा वारा भोलाजी हत्तीच्या कानांतून येतो, असं तिथे ठरलेलं होतं. झालं असं, की एकदा वारा पडला असताना भोलाजीने माशा हाकलायला कान हलवले आणि नेमकी झुळूक आली. सरपंच दगडू रानडुकराने लगेच त्याच्या गळ्यात हार घातला. तेव्हापासून भोलाजी कान हलवतोय. जरा डुलकी लागली की माकडं शेपटी ओढत. बिचाऱ्याचे कान ठणकत. झोपेसाठी तो अगदी कासावीस झाला होता.

एकदा तुळसा घार ढगांच्या वर जाऊन आली आणि त्याच्या पाठीवर बसली.

"भोलाभाऊ, वर एक पेटता गोळा आहे. त्याच्यामुळे ढगांची पाठ तापते. तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी गार हवा धावत येते. तोच आपला वारा. तुम्ही निजा खुशाल."

"नक्की ना गं, तुळसाबाई?" भोलाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने तिथल्या तिथे कान पाडले आणि तो घोरू लागला. सगळं जंगल घाबरून गोळा झालं. वारा आपला वाहतोच आहे.

तुळसाने सगळ्यांना त्या गोळ्याची गोष्ट सांगितली.

"इथून दिसतो का तो?" सरपंचाने विचारलं.

"ढग आहेत ना मध्ये."

"मग हार कोणाला घालायचा?"

तुळसाने चोच वर ढगांकडे केली. सरपंच घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, आता कान न हलवताही वारा येतो. म्हणजे भोलाजींना सिद्धी मिळाली. यापुढे त्यांचा कान हलता कामा नये. हलला तर सिद्धी गेली."

आता दोन माकडं भोलाजीचे दोन कान घट्ट धरून बसलेली असतात. गळ्यात रोज ताजा हार असतो. फुलांवर माशा येतात. फुलांवरून त्या डोळ्यांवर बसतात, आणि भोलाजी टक्क जागा असतो.

तात्पर्य: वारा कोण आणतो हे बघायला ढगांच्या वर जाऊ नये. हार घालायला गळा लागतो, आणि सूर्याला तो नसतो.