अडोबो स्पॅनिश नाही, असं टिटा लूझ म्हणते

टिटा लूझवर अन्याय झाला. गेल्या शनिवारी, दुपारी साडेबारा वाजता, आपल्या स्टेट कॉलेज गावातल्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या पॉटलकला. तिच्या अडोबोसमोर, म्हणजे व्हिनेगर, लसूण आणि सोया सॉसमध्ये शिजवलेल्या चिकनसमोर, ‘स्पॅनिश स्ट्यू’ असं कार्ड लावलं गेलं. ‘लावलं गेलं’ ही पळवाट झाली. कार्ड मी लिहिलं. ऐन वेळी इंटरनेटवर अर्धा परिच्छेद वाचून.

टिटा म्हणजे फिलिपिनो लोकांची मावशी. ही माझ्या शेजारच्या दारातली, सत्तरीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी. युनिव्हर्सिटीच्या डायनिंग हॉलमध्ये स्वयंपाक करून रिटायर झालेली. तिने कार्ड उचललं, चष्मा कपाळावर नेऊन वाचलं आणि म्हणाली, “अनाक, हे कुणी लिहिलं?” अनाक म्हणजे बाळ. ओरडायच्या आधी ती नेहमी बाळ म्हणते.

“नाव स्पॅनिश आहे ना,” मी म्हटलं.

“ते आले, आमच्या भांड्यात नाक घातलं, म्हणाले, अरे, हा तर अडोबो! त्याआधी आम्ही काय व्हिनेगर नुसतं बघत बसायचो? पाहुण्याने पोराला हाक मारली म्हणून पोर पाहुण्याचं होतं?”

कुलकर्णीकाका मध्ये पडले. “पण टोमॅटो, बटाटे तर स्पॅनिशांनीच आणले ना तुमच्याकडे?”

“तुमच्याकडे बटाटा कुणी आणला?”

“पोर्तुगीजांनी.”

“मग ही कुणाची?” टिटाने काकूंच्या बटाट्याच्या भाजीकडे बोट दाखवलं.

“ही आपली आहे,” काका म्हणाले.

तिचा न्याय मात्र चोख. मेचादो स्पॅनिशांचा, हे ती स्वतःहून कबूल करते. त्यात बीफच्या तुकड्यात चरबीची लांब पट्टी खुपसतात, समईत वात घालावी तशी. काल्देरेता हा मटणाचा घट्ट रस्साही त्यांचाच, “पण त्यात लिव्हर वाटून घालायची अक्कल आमची!” हे सगळं ती गॅससमोर उभी राहून सरकारी वकिलाच्या थाटात सांगते आणि आपल्याला कशालाही हात लावू देत नाही. अडोबोत व्हिनेगर ओतलं की उकळी येईपर्यंत हलवायचं नाही, हलवलं तर ते कच्चंच लागतं, असा तिचा कायदा. मागच्या हिवाळ्यात मी सवयीने डाव घातला. भांडं दिसलं की ढवळणारी माणसं आपण! “आय नाको!” करून तिने डाव काढून घेतला. “तुम्ही इंडियन लोक भांड्याला दोन मिनिटं एकटं सोडत नाही!”

शनिवारी तिचं भांडं भरलेलंच परत गेलं. ‘स्पॅनिश’ वाचून कुणाला ते बीफ वाटलं, कुणाला मिळमिळीत. जाताना टिटा टेबलाटेबलाशी थांबली. “उद्या एक वाजता माझ्याकडे जेवायला या. कार्ड नसेल.” सगळे म्हणाले, “शुअर, शुअर!”

रविवारी मी एकटीच गेले. टेबलावर सहा ताटं मांडलेली. एक तिचं, एक माझं, चार कोरी. ती दाराकडे बघत नव्हती. फार कष्टाने बघत नव्हती. अर्ध्या जेवणात माझा फोन वाजला. स्टुडंट युनियनची मीटिंग सुरू झाली होती आणि पत्रकं माझ्याकडे होती. “सॉरी टिटा, पळते!” म्हणून बससाठी धावले. खाली पोचल्यावर कळलं, पत्रकं तिच्याच सोफ्यावर राहिली. परत वर आले. दार उघडंच होतं.

टिटा टेबलाभोवती फिरत एकेक ताट जागच्या जागी हळूच फिरवत होती.

“जेवण चालू असताना कुणी उठून निघालं की उरलेल्यांनी ताटं फिरवायची,” ती ओशाळून म्हणाली. “म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो.”

“आणि ही चार? इथे तर कुणी आलंच नाही.”

“ते पण कुठेतरी बाहेरच असतील ना, अनाक.”

मी फोन करून सांगितलं, पत्रकं कुणीतरी इथून घेऊन जा. आणि बसले.

तर ‘शुअर, शुअर’वाल्यांनो, येत्या रविवारी एक वाजता. दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडचं दार. कुलकर्णीकाका, तुम्हीसुद्धा. या, जेवा, आणि तिचं जेवून होईपर्यंत जागचे उठू नका.