यंत्राचा कायमचा पत्ता

चंडीगडच्या सेक्टर तेरामधल्या रुग्णालयाला २००३ च्या नोव्हेंबरात एक सोनोग्राफी यंत्र मिळालं. चंडीगडमध्ये त्या काळी सेक्टर तेरा नव्हता. बारानंतर एकदम चौदा यायचा. तेव्हा या रुग्णालयाची बदनामी होण्याची भीती नाही, आणि तिथल्या सोयींबद्दल तक्रार करायची तर कोणाला पत्ताही सापडणार नाही.

यंत्र लहान होतं. प्रवासी बॅगेएवढं, चार चाकांच्या गाडीवर बसवलेलं. आपत्कालीन विभागात कोणी पोट धरून आला की गाडी ढकलत त्याच्या खाटेपाशी न्यायची, पोटाला थंड जेल लावायचं आणि आत काय चाललंय ते तिथल्या तिथे बघायचं, इतकी साधी कल्पना. डॉ. शुभदा टिपणीस त्यासाठी दिल्लीला तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. ती मूळची सांगलीची, बोलायला कमी. पोट दुखणाऱ्या माणसाबद्दल तिचा अनुभव असा होता की तो फार बोलतो आणि त्याचं पोट काहीच सांगत नाही. आता पोट बोलणार होतं, म्हणून ती खुशीत होती.

फक्त यंत्राची नोंदणी व्हायची होती. त्या भागात जन्माला येणाऱ्या मुलींची संख्या वर्षानुवर्षं घटत होती, आणि गर्भाचं लिंग सांगायला बंदी करणारा कायदा होता. कायदा चांगला होता. शुभदाला तो मनापासून पटत होता. कायद्याची अंमलबजावणी मात्र अनुपालन कक्षाकडे होती, आणि अनुपालन कक्षात वामन सबनीस होते.

सबनीस साताऱ्याकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले, मोहालीत भाड्याने राहणारे. शुभदाचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा उभं राहून वाचला.

"यंत्र कुठे ठेवणार?"

"रुग्णाच्या खाटेशेजारी."

"कोणत्या रुग्णाच्या?"

"ज्याचं पोट दुखतंय त्याच्या."

"त्याचं नाव, खाट क्रमांक?"

"ते पोट दुखल्यावर कळेल, सर."

सबनीसांनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, नोंदणीला कायमचा पत्ता लागतो. माझी अकरा वेळा बदली झाली, पण माझा कायमचा पत्ता रहिमतपूरच राहिला. तुमचं यंत्र काय माझ्यापेक्षा मोठं लागून गेलं?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुम्ही आपल्याकडच्या, म्हणून सांगतो. दुसरं कोणी असतं तर नुसतं नामंजूर केलं असतं. तुमचं मी कारणांसहित नामंजूर करतो."

तीन आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर यंत्राला पत्ता मिळाला: खाट क्रमांक चार. पत्ता कायमचा, म्हणजे यंत्र हलता कामा नये. ज्याला चाकं आहेत ते हलण्याचा इरादा बाळगून आहे, असं अनुपालन कक्षाचं मत पडलं. सबब चाकं काढण्यात आली, लखोट्यात घालण्यात आली, त्यावर लाखेचं सील ठोकण्यात आलं आणि लखोटा मेट्रनच्या कपाटात ठेवण्यात आला. चाकं गेल्यावर गाडी बिनकामाची झाली, म्हणून तीही भांडारात जमा झाली. यंत्र खाट चारशेजारच्या टेबलावर बसलं.

मग फॉर्म आला. गर्भवती स्त्रियांसाठी तो असणं योग्यच होतं. सबनीसांनी तो सर्वांना लागू केला.

"पुरुषांनाही?" शुभदाने फोनवर विचारलं.

"पुरुष गर्भवती नाही, हे कशावरून?"

"तो पुरुष आहे, यावरून."

"हा तुमचा अंदाज झाला. खात्री करायची तर सोनोग्राफी करावी लागेल. आणि सोनोग्राफी करायची तर फॉर्म भरावा लागेल."

विज्ञान शिकलेल्या माणसाला या युक्तिवादात चूक सापडायला हवी होती. शुभदाला ती सापडली, पण तोवर फोन ठेवला गेला होता.

खाट चारवर करनैलसिंग नावाचे बासष्ट वर्षांचे सरदारजी होते. ट्रॅक्टरवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, पाय दोरीला आणि वजनाला टांगलेला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दहा आठवडे इंचभर हलवायचं नाही. त्यामुळे यंत्र जिथे होतं तिथे पोटदुखीचा रुग्ण येऊ शकत नव्हता, आणि रुग्ण जिथे होता तिथे यंत्र जाऊ शकत नव्हतं. पण दरमहा वापराचा अहवाल मागवला जाई, आणि त्यात शून्य लिहिलं की यंत्र परत जाणार होतं. म्हणून शुभदा रोज सकाळी करनैलसिंगांच्या धडधाकट पोटाची सोनोग्राफी करी. फेब्रुवारीपर्यंत अशा एकेचाळीस झाल्या.

"डॉक्टरनी जी, आज क्या है?" ते विचारत.

"यकृत उत्तम आहे. पित्ताशय उत्तम आहे."

"और लड़का कि लड़की?"

"ते सांगायला बंदी आहे, करनैलसिंगजी."

यावर ते इतके हसत की टांगलेलं वजन डोलायला लागे आणि सिस्टर प्रतिमा धावत येई.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मोहालीहून एक मारुती आली आणि दारातच तिरकी थांबली. चालवत होती जाई, सबनीसांची सून. चंडीगडलाच वाढलेली, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर हिंदीत देणारी. मागच्या सीटवर सबनीसांची पत्नी शालिनीबाई होत्या, आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून स्वतः सबनीस, पांढरेफटक, घामाने चिंब.

"अहो, पाय तर उचला," शालिनीबाई म्हणाल्या.

"आधी वेळ नोंदवा," सबनीस म्हणाले.

त्यांना खाट नऊवर घेतलं. कळ डाव्या कुशीतून पाठीत जात होती. रक्तदाब नव्वद होता आणि उतरत होता. शुभदापुढे दोनच शक्यता होत्या. मुतखडा असेल तर सलाईन, इंजेक्शन आणि धीर. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून झिरपायला लागली असेल तर लगेच शस्त्रक्रिया, नाहीतर माणूस हातचा जाणार. बाहेरून दोन्ही अगदी सारखीच दिसतात. एक्स-रे आणि स्कॅनचा विभाग समोरच्या इमारतीत होता, आणि रक्तदाब कोसळत असलेल्या माणसाला तिथल्या लिफ्टच्या भरवशावर सोडायचं नसतं. आत एकदा बघायला हवं होतं. मिनिटभर पुरलं असतं. यंत्र वीस पावलांवर होतं.

"सिस्टर, मेट्रनकडून चाकं आणा. भांडारातून गाडीही मागवा."

"सील तोडायचं नाही!" सबनीस खाटेवरून ओरडले. "ते माझ्या सहीचं आहे!"

"पापा, प्लीज़, चुप रहो ना," जाई म्हणाली.

"गप्प कसा राहू? यंत्र खाट चारहून हललं की डॉक्टरांची नोंदणी रद्द. यंत्र जप्त. खटला. मीच दाखल करतो ना ते!" आणि कळ आली म्हणून ते थांबले. कळ गेल्यावर पुढे म्हणाले, "तीन वर्षं सक्तमजुरी."

शुभदा खाट चारपाशी गेली. "करनैलसिंगजी, थोडी जागा हवी होती."

"पुत्तर, मैं तो अभी उठ जाऊँ," करनैलसिंग म्हणाले, "पर ये टाँग नहीं मानती."

प्रतिमाने रक्तदाब पुन्हा घेतला. "मॅडम, चौऱ्याऐंशी."

शुभदाने दोन्ही खाटांकडे पाहिलं. मग ती वाकली, करनैलसिंगांच्या पायथ्याशी अडकवलेली चार आकड्याची पत्र्याची पाटी काढली, चालत खाट नऊपाशी गेली, ती पाटी तिथे अडकवली आणि नऊची पाटी आणून करनैलसिंगांना लावली.

"प्रमोशन हो गई!" करनैलसिंग म्हणाले.

"सबनीस साहेब," शुभदा म्हणाली, "आपण खाट क्रमांक चारवर आहात. यंत्र या क्षणी खाट क्रमांक नऊशेजारी उभं आहे."

सबनीसांचे डोळे विस्फारले. वेदना काही काळ बाजूला झाली आणि तिच्या जागी तीस वर्षांची सेवा चमकली. "म्हणजे ते नोंदणीबाह्य जागी आहे!"

"हो."

"मग बघताय काय? हलवा! एक क्षण तिथे ठेवू नका!"

चाकं सीलबंदच राहिली. प्रतिमा, दोन वॉर्डबॉय आणि शेजारच्या खाटेवरचा ताप उतरलेला एक हवालदार अशा चौघांनी यंत्र उचलून आणलं. करनैलसिंगांनी अंथरुणातूनच "ज़ोर लगा के" म्हणत दिशा दिली.

"आता फॉर्म," सबनीस म्हणाले.

"नंतर भरू."

"नंतर भरलेला फॉर्म म्हणजे मागील तारखेचा फॉर्म. म्हणजे बनावट फॉर्म. विचारा. मी सांगतो पटापट."

सबनीसांनी पोट हाताने घट्ट झाकलेलं होतं, आणि अधिकाऱ्याचा हात ओढून काढायची पद्धत नाही. शुभदा वाचू लागली. "अपत्यं किती?"

"एक. मुलगा. निखिल."

"शेवटच्या पाळीची तारीख? लागू नाही लिहिते."

"अजिबात नाही! लागू नाही म्हणजे माहिती दडवली. आठवत नाही, असं लिहा."

"अहो, काय हे!" शालिनीबाईंनी तोंडाला पदर लावला; रडत होत्या की हसत होत्या ते कळेना.

"गर्भाचं लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही, या जाहीरनाम्यावर सही."

सबनीसांनी सही केली. पूर्ण नावानिशी, खाली हुद्दा, खाली तारीख. मग "शिक्का घरी राहिला" एवढं म्हणून त्यांनी पोटावरचा हात काढला.

फॉर्मला अकरा मिनिटं लागली. सोनोग्राफीला चाळीस सेकंद. दोन सेंटिमीटरची असायला हवी ती रक्तवाहिनी पडद्यावर सात सेंटिमीटरची दिसत होती, आणि तिच्या कडेला काळसर पाझर होता. शुभदाने शस्त्रक्रियागृहाला फोन केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती फोनवर ओरडली. स्ट्रेचर धावत निघालं. ती बरोबर धावत होती.

"डॉक्टर," सबनीस स्ट्रेचरवरून पुटपुटले, "अहवालात लिंगाचा उल्लेख नाही ना?"

"ही रक्तवाहिनी आहे, साहेब. तिला लिंग नसतं."

"तसं स्पष्ट लिहा."

सबनीस वाचले. शल्यचिकित्सक म्हणाले, आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर कठीण होतं. प्रतिमा म्हणाली, अकरा तर त्यांनी आधीच खाल्ली होती.

टाके निघाल्यावर तीन आठवड्यांनी सबनीस शुभदाला भेटायला आले. बारा किलोंनी उतरले होते, कोट हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता. बरोबर शालिनीबाई आणि जाई होत्या. चार आकड्याची पाटी आता शुभदाच्या खोलीतल्या तपासणीच्या खाटेला लावलेली होती, म्हणून यंत्रही तिथेच होतं. सबनीसांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"तुम्ही होतात म्हणून मी आहे. आता आणखी एक उपकार करा. जाईला चौथा महिना लागलाय."

"अभिनंदन!"

"फॉर्म मी घरूनच भरून आणलाय. एकही रकाना रिकामा नाही, शिक्कासुद्धा आहे. तुम्ही फक्त बघायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काढलात तर मला कारवाई करावी लागेल." त्यांनी पिशवीतून मिठाईचे दोन डबे काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हे पेढे. ही बर्फी. बघून झालं की तुम्हाला आवडेल तो डबा उचला. आम्ही समजून घेऊ. यात कायद्याचं कुठलंही कलम मोडत नाही, मी तीन रात्री बसून तपासलंय."

शालिनीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शुभदाने यंत्राच्या पडद्यावर आवरण घातलं. तिला बोलायला नेहमीच वेळ लागे. त्या दिवशी जाईला लागला नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही डबे उघडले, उजव्या हातात पेढा घेतला, डाव्या हातात बर्फीची वडी घेतली आणि आळीपाळीने खाऊ लागली.

"अगं, हे काय करतेस?" सबनीस म्हणाले.

"भूख लगी है, पापा," जाई म्हणाली. "दोनों अच्छी हैं."

तिने दोन्ही डब्यांचे दोन-दोन थर संपवले, मधे एकदा पाणी मागून घेतलं, आणि कोणालाही काही उचलायला शिल्लक ठेवायचं नाही अशा बेताने ती खात राहिली. शुभदाने मग तिच्या शेजारी बसून एक पेढा आणि एक बर्फी घेतली.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, साडेतीन दिवसांच्या उकाड्यानंतर पहाटे पाऊस पडत असताना जाई बाळंत झाली. वजन तीन किलो. आवाज खणखणीत. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

गोष्ट इथे संपली. आता तुम्ही कशासाठी थांबलात?